फेरो बेटांवरची देवमाशांची शिकार नक्की कशाने थांबेल?

उत्तरवारा (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर तो फोटो फिरायला लागतो. लालभडक झालेली खाडी, काठावर ओळीने पडलेली काळी धुडं, आणि खाली लिहिलेलं असतं की डेन्मार्कमध्ये मुलं वयात आली की मर्दानगी दाखवायला डॉल्फिन मारतात, हा मेसेज सगळीकडे पाठवा. मी डेन्मार्कमध्ये राहतो त्यामुळे घरचे, शाळेचे, सोसायटीचे सगळे ग्रुप मलाच विचारतात की हे खरं का. फोटो खरा आहे. खालचा मजकूर बराचसा खोटा आहे. आणि खोटं पसरवून त्या प्राण्यांचं काडीचंही भलं होत नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ही शिकार होते फेरो बेटांवर. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधली १८ बेटं, लोकसंख्या साधारण ५४ हजार. म्हणायला डेन्मार्कच्या राज्यात, पण कारभार स्वतःचा, आणि युरोपियन युनियनमध्ये ती नाहीतच. युनियनच्या कायद्याने देवमासे, डॉल्फिन मारायला बंदी आहे ती तिथे लागू होत नाही. कोपनहेगनने उद्या मनात आणलं तरी थेट बंद करता येणार नाही, तो विषय बेटांच्या स्वतःच्या संसदेकडे आहे.

मारतात ते मुख्यतः पायलट व्हेल. नावात व्हेल असलं तरी कूळ डॉल्फिनचंच. हे कळपाने राहतात आणि कळप एकमेकांना सोडून जात नाही, नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. कुणाला कळप दिसला की वर्दी जाते, होड्या अर्धगोल धरून त्याला मंजूर खाडीकडे हाकत आणतात, काठाला माणसं कमरेएवढ्या पाण्यात तयार असतात. पूर्वी अंगात घुसणारा टोकदार आकडा वापरायचे, आता बोथट गोल आकडा आहे, तो डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात अडकवून दोरीने ओढतात आणि भोकाच्या मागे थोड्या अंतरावर भाला मारून मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तोडतात. २०१५ पासून हे करायला प्रशिक्षणाचा दाखला लागतो. एक प्राणी काही सेकंदात मरतो असं तिथलं सरकार सांगतं. पण कळपातला शेवटचा जीव आपल्याच माणसांच्या रक्तात किती वेळ तडफडत असतो ते त्या सेकंदात कोण मोजतं?

वर्षाला साधारण ६०० ते ८०० जातात, एखाद्या वर्षी बरेच कमी. मांस आणि चरबी गावात वाटून घेतात, बहुतेक फुकटच. नोंदी १५८४ पासूनच्या आहेत. वयात येण्याचा विधी वगैरे काही नाही.

मी कामानिमित्त फेरोच्या राजधानीत, तोर्शावनला गेलो होतो तेव्हा ऑफिसातल्या एकाने घरी जेवायला बोलावलं. टेबलावर काळपट मांसाचे काप, शेजारी चरबीचे पांढरट तुकडे, उकडलेले बटाटे आणि सुकवलेला मासा. मी मांस घेतलं नाही, त्यानेही आग्रह केला नाही. मग आम्ही रात्री उशिरापर्यंत यावरच बोलत बसलो. माणूस अतिशय साधा, सालस. त्याचं म्हणणं, आमच्याकडे धान्य पिकत नाही, मेंढ्या आणि समुद्र एवढंच होतं, या मांसावर आमचे आजे-पणजे जगले. मी म्हटलं आता तुमच्या सुपरमार्केटात सगळं मिळतं की. तर तो म्हणाला की म्हणजे विमानाने आलेलं डुक्कर चालतं पण दारातला देवमासा चालत नाही, असंच ना. माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलंही, पण त्याला ते पटलं नाही.

१२ सप्टेंबर २०२१ ला स्कालाबोत्नुर गावात एका दिवसात १,४२८ डॉल्फिन मारले, पायलट व्हेल नव्हेत, पांढऱ्या कुशीचे अटलांटिक डॉल्फिन. माणसं कमी पडली, कितीतरी प्राणी वाळूवर बराच वेळ जिवंत पडून होते. त्यावेळी पहिल्यांदा फेरोच्याच लोकांचा संताप झाला. तिथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीने चाचणी घेतली तर निम्म्याहून जास्त लोक डॉल्फिन मारायच्या विरोधात निघाले, पण त्याच चाचणीत ८० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की पायलट व्हेलची शिकार चालू राहावी. पुढच्या वर्षी सरकारने डॉल्फिनवर वर्षाला ५०० ची मर्यादा घातली, तीही दोन वर्षांसाठी.

बाहेरून विरोध १९८० च्या दशकापासून चालू आहे. २०१४ मध्ये सी शेफर्ड या देवमासे वाचवणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते सांडोय बेटावर आडवे गेले, १४ जणांना अटक झाली, डॅनिश नौदलाने बोटी पकडायला मदत केली. शिकार काही थांबली नाही, उलट तरुण पोरं आता हे राष्ट्रीय अस्मितेचं म्हणून करतात. मला ही शिकार बंद झालेली बघायची आहे. पण ती कशाने होईल? जगात इतर ठिकाणी कशाने झाली? जाणकारांनी लिहावं.

जुई

फार छान लिहिलंय आणि वाचताना फार त्रास झाला. मला एक कळत नाही, इतकं समजून कशाला घ्यायचं त्यांना? सती आपल्याकडे परंपराच होती ना. पर्यटन बंद करा, त्यांचा सॅल्मन घेऊ नका, आपोआप ताळ्यावर येतील.

तांबडा_पांढरा

धागा आवडला. पण जुईताई, त्या फेरोवाल्या माणसाचा प्रश्न मला सोडवत नाहीये. मी कोल्हापूरचा, मटण खातो, आमच्या बोकडाला काय मोकळं आयुष्य मिळतं आणि ब्रॉयलर कोंबडीचं तर बोलायलाच नको, सहा आठवड्यात खेळ खलास. तो देवमासा निदान मरेपर्यंत मोकळ्या समुद्रात फिरला. मी हे वाद घालायला म्हणत नाही, खरंच विचारतोय. आपण खाणारे लोक कोणत्या तोंडाने त्यांना सांगणार?

उत्तरवारा

तांबडा_पांढरा, प्रामाणिक प्रश्न आहे, मला जे वाटतं ते सांगतो. बोकड तुम्ही एकटा उचलता. इथे अख्खं कुटुंब एका वेळी जातं, आजी, आई, गाभण मादी, दूध पिणारं पिल्लू, सगळे. फेरोच्या पायलट व्हेलच्या अगदी जवळच्या, आखूड परांच्या जातीत म्हाताऱ्या माद्यांची वीण थांबल्यावरही त्या पुढे कित्येक वर्षं जगतात आणि कळपात राहतात, माणसाव्यतिरिक्त फार थोड्या प्राण्यांत असं दिसतं. अशा प्राण्याचा कळप संपवणं आणि पाळलेलं जनावर कापणं हे मला एका मापाचं वाटत नाही. आणि दुसरं म्हणजे कोंबडीचे हाल होतात म्हणून देवमाशाचे होऊ द्यावेत हे कुठल्याच हिशोबात बसत नाही, कोंबडीचेही थांबवायला हवेत.

जुई, बहिष्काराचं म्हणाल तर सॅल्मन ही त्यांची सगळ्यात मोठी निर्यात आहे हे खरं. पण गेल्या कित्येक वर्षांच्या बहिष्काराच्या हाकांनी निर्यात काही घटलेली नाही. जुलै २०२३ मध्ये एका ब्रिटिश क्रूझचे प्रवासी बंदरात उतरतायत आणि समोरच ७८ पायलट व्हेल मारले जातायत असं झालं, कंपनीने प्रवाशांची माफी मागितली, बातम्या झाल्या, एवढंच.

डॉ_मैत्र

या विषयावर डॉक्टरांनी जे केलंय ते इथे यायलाच हवं, कारण फेरोवर मांस खाणं खरंच कमी झालंय तर त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

१९८६-८७ मध्ये फेरोवर जन्मलेल्या हजारभर बाळांच्या नाळेच्या रक्तातला पारा मोजून ठेवला गेला. अभ्यास करणारे दोघे मुख्य, डेन्मार्कचे फिलिप ग्रांजाँ आणि पाल वायहे. हे वायहे स्वतः फेरोचे. मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आयांनी गरोदरपणात पायलट व्हेलचं मांस जास्त खाल्लं होतं, म्हणजे नाळेत पारा जास्त होता, त्या मुलांचं लक्ष, भाषा, स्मरणशक्ती यात उणीव दिसली. मुलं वरवर धडधाकट होती, चाचणीत बसवल्याशिवाय कळलंही नसतं. १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गरोदर बायकांना कुठला मासा किती खावा हे सांगताना आजही याचा आधार घेतात.

पारा येतो कुठून तर बराचसा कोळसा जाळण्यातून. हवेतून समुद्रात पडतो, जंतू त्याचा मिथाइल मर्क्युरी करतात, मग लहान मासा, मोठा मासा, माकुल असं करत साखळीच्या टोकाला बसलेल्या दातवाल्या देवमाशात साठत जातो. त्याच्या चरबीत पीसीबीसारखी रसायनं साठतात ती वेगळीच. फेरोच्या लोकांनी कारखाने काढले नाहीत, विष जगाचं आणि ताटात मात्र त्यांच्या, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

२००८ मध्ये वायहे आणि तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं की पायलट व्हेल यापुढे माणसाने खाण्यालायक नाही. विचार करा, स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच आजीच्या ताटाबद्दल असं सांगायला काय लागत असेल. सरकारने तेवढं टोकाचं मानलं नाही, पण महिन्यातून जास्तीत जास्त एकदा, यकृत-मूत्रपिंड अजिबात नको आणि मूल हवं असणाऱ्या मुलींनी चरबी टाळावी असा अधिकृत सल्ला आहे. बायकांनी तो बऱ्यापैकी पाळला. मी स्वतः बालरोगवाली आहे, त्यामुळे मला वाटतं ही शिकार जेव्हा कधी थांबेल तेव्हा स्वयंपाकघरातून थांबेल.

ओसाकाकर

जपानची बाजू मी लिहितो, नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं काढलीयेत.

डॉक्टर म्हणतात तसाच प्रकार ताइजीत झाला. ताइजी म्हणजे वाकायामा प्रांतातलं छोटं गाव, 'द कोव्ह' या माहितीपटामुळे २००९ नंतर जगभर माहीत झालं. मिनामाताच्या आजारासाठी, म्हणजे पाऱ्याच्या विषबाधेसाठी, जी राष्ट्रीय संस्था आहे तिने तिथल्या लोकांचे केस तपासले तर पुरुषांच्या केसात पारा देशाच्या सरासरीच्या चौपटीहून जास्त निघाला. आजाराची लक्षणं मात्र सापडली नाहीत, हेही सांगायला पाहिजे. पण फेरोपेक्षा ताइजीचं गणित वेगळं आहे, तिथे खरा पैसा मांसात नाहीच. होड्या समुद्रात लोखंडी दांडे सोडतात आणि वर हातोडीने बडवतात, डॉल्फिन आवाजाने बिथरून पळतात, तसे हाकत खाडीत आणून जाळं लावतात. मग मत्स्यालयांचे लोक येऊन चांगले तरुण डॉल्फिन निवडतात. शो करायला शिकवलेल्या एका बॉटलनोज डॉल्फिनचे जे पैसे येतात ते मांसाच्या कित्येक पट. उरलेल्यांतले काही सोडतात, बाकीचे ताडपत्रीआड मारतात. सप्टेंबरपासून पुढे सगळा हिवाळा हे चालतं.

म्हणून इथे सगळ्यात मोठा दणका बसला तो २०१५ मध्ये. प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने जपानच्या संघटनेला निलंबित केलं की तुमचे सदस्य ताइजीतून डॉल्फिन घेतात. महिनाभरात जपानी संघटनेने मत घेतलं आणि सदस्यांना ताइजीतून खरेदी बंद केली. काही मत्स्यालयं संघटनेतून बाहेर पडली, परदेशी गिऱ्हाईक आहेच, त्यामुळे शिकार बंद नाही झाली. पण गिऱ्हाईक तोडलं की फरक पडतो हे दिसलं.

आणि याबाबतीत भारताने खरंच अभिमान वाटावा असं काम केलंय. १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने देशात डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिनचे शो करणाऱ्या पार्कांना, परवानगी नाही असं ठरलं. त्याआधी १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. २०१३ च्या आसपास कोची, नोएडा आणि आपल्या महाराष्ट्रातही असे पार्क करायचं घाटत होतं. ते झाले असते तर डॉल्फिन कुठून आणले असते सांगा बरं.

मोठ्या देवमाशांचं मांस आता इथे कोणी फारसं खात नाही. युद्धानंतर उपासमार होती तेव्हा शाळेच्या डब्यात हेच असायचं, १९६२ मध्ये वर्षाला दोन लाख टनांच्या वर खप होता, आज जेमतेम काही हजार टन. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांनी चाखलेलंही नाही. तरी बाहेरच्यांनी बोललं की त्याच मुलांना राग येतो.

गोदाकाठ

अप्रतिम प्रतिसाद येतायत. एक शंका, १९८६ पासून देवमाशांच्या शिकारीवर जगभर बंदी आहे ना? मग फेरो, जपान, नॉर्वे हे सगळं कायदेशीर कसं?

लॉ_कॉलेज_रोड

गोदाकाठ, इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग १९४६ च्या करारातून निघाला, आणि तो निघाला शिकार नीट चालावी म्हणून. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले गेले, १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांवर निळे देवमासे. आयोग कोटे वाटत राहिला आणि देवमासे संपत राहिले. शेवटी १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचा ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी झाला, भारत बाजूने होता, अंमल १९८५-८६ च्या हंगामापासून. पण करारातच पळवाट आहे, जो देश वेळेत हरकत नोंदवेल त्याला ठराव लागू नाही. नॉर्वेने हरकत नोंदवली, १९९३ पासून उघडपणे मिंके देवमासे मारतो. आणि आयोगाची बंदी फक्त मोठ्या देवमाशांना आहे. पायलट व्हेल, डॉल्फिन हे 'लहान' म्हणून त्यात धरतच नाहीत. फेरो तिथे सुटतं, ताइजीही तिथेच सुटतं.

जपानने दुसरी वाट काढली, संशोधनासाठी मारायला कराराच्या आठव्या कलमात मुभा आहे. अंटार्क्टिकात वर्षाला शेकड्यांनी मिंके मारायचे आणि मांस बाजारात. ऑस्ट्रेलियाने हेगच्या न्यायालयात खेचलं. ३१ मार्च २०१४ ला निकाल लागला, १२ विरुद्ध ४, की हा कार्यक्रम संशोधनासाठी म्हणता येत नाही. आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते. निकालपत्रात एक मुद्दा आहे तो मला वकील म्हणून फार आवडतो. न्यायालयाने विज्ञान चूक की बरोबर यात हात घातलाच नाही, एवढंच तपासलं की तुम्ही जो उद्देश सांगता त्याच्याशी तुम्ही मारलेल्यांची संख्या जुळते का, आणि न मारता करता येईल का हे तुम्ही कधी तपासलंत का. जपानला दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत.

जपानने नाव बदलून नवा कार्यक्रम काढला, मग ३० जून २०१९ ला आयोगच सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या समुद्रात राजरोस व्यापारी शिकार सुरू केली. २०२४ पासून फिन व्हेलही यादीत घेतला. निकाल फुकट गेला असं मी तरी म्हणणार नाही, कारण अंटार्क्टिकात जाणं बंद झालं, आणि सगळ्यात जास्त देवमासे तिथेच जात होते.

जुई

आणि सी शेफर्डच्या संस्थापकांना, पॉल वॉटसनना, मात्र तुरुंगात टाकलं! ते आडवे गेले नसते तर अंटार्क्टिकात काय चाललंय ते कुणाला कळलं असतं?

उत्तरवारा

जुई, यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. २१ जुलै २०२४ ला ग्रीनलंडमध्ये नूक बंदरात पकडलं, जपानच्या जुन्या वॉरंटवर, प्रकरण २०१० चं. जवळजवळ पाच महिने आत ठेवलं आणि १७ डिसेंबरला डेन्मार्कने जपानच्या ताब्यात द्यायला नकार देऊन सोडलं. इथे त्यांच्यासाठी निदर्शनं झाली होती, मीही गेलो होतो. खुल्या समुद्रात, जिथे कुणाचंच गाव नाही, तिथे जहाज आडवं घालण्याने अंटार्क्टिकातले कोटे अर्धेमुर्धे राहिले हे खरंच आहे. पण फेरोत तीच गोष्ट गावाच्या काठावर केली तर गाव एक होतं. माझं म्हणणं एवढंच की जागा बघून हत्यार काढायला हवं.

आइसलंडचं उदाहरण मला यात फार महत्त्वाचं वाटतं. तिथे फिन व्हेल मारणारी एकच कंपनी उरली आहे. २०२२ मध्ये सरकारने नियम केला की शिकारीवर देखरेख हवी, चित्रण हवं. मे २०२३ मध्ये अन्न आणि पशुवैद्यक खात्याचा अहवाल आला. निरीक्षकांनी पाहिलेल्या ५८ देवमाशांपैकी ४१ टक्के लगेच मेले नाहीत, त्यांना मरायला साधारण साडेअकरा मिनिटं लागली. हार्पूनमध्ये, म्हणजे जहाजावरच्या तोफेतून सोडतात त्या भाल्यात, स्फोटक असतं हे लक्षात घ्या. त्या हंगामात मारलेल्या १४८ पैकी ३६ ना एकाहून जास्त वेळा मारावं लागलं. एक हार्पून घेऊन पळाला, पाच तास पाठलाग करूनही सापडला नाही. हा अहवाल कुठल्या परदेशी संस्थेचा असता तर कोणी विचारलं नसतं, पण त्यांच्याच खात्याचा, त्यांच्याच प्राणिकल्याण कायद्याखाली. जून २०२३ मध्ये मंत्री स्वान्दिस स्वावार्सदोत्तिर यांनी हंगामाच्या तोंडावर शिकार ऑगस्टअखेरपर्यंत थांबवली. पुढे उठवली, २४ मारले गेले. २०२४ मध्ये एकही नाही. मग सरकार जाता जाता पाच वर्षांचा परवाना देऊन गेलं, तरी २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनी स्वतःच म्हणाली की जपानात भाव नाही, आम्ही निघत नाही.

बंदरवाला

मालवणातून लिहितोय. सगळं वाचलं. तुम्ही लोकांनी अजून आपल्या अरबी समुद्राबद्दल काहीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत रशियाची फॅक्टरी जहाजं अंटार्क्टिकाला जाता जाता अरबी समुद्रात शिरली आणि ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यासमोर २३८ हंपबॅक देवमासे मारून गेली. आयोगाला खोटे आकडे दिले. जगाला कळलं सोव्हिएत युनियन फुटल्यावर, १९९० च्या दशकात, जहाजावरच्या शास्त्रज्ञांनीच खरी कागदपत्रं बाहेर काढली म्हणून. एकूण सोव्हिएत जहाजांनी १ लाख ८० हजार देवमासे असे चोरून मारले होते. मांसाला तिकडे फारसं गिऱ्हाईकही नव्हतं, पंचवार्षिक योजनेत टनांचा आकडा भरायचा म्हणून मारत होते. कसलं हे.

अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळे आहेत. जगातले बाकी सगळे हंपबॅक थंडीत उबदार समुद्रात, उन्हाळ्यात ध्रुवाकडे जातात, हे इथेच राहतात, सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून तुटलेले. ओमानच्या बाजूला आज १०० च्या आत उरलेत. म्हणजे जेवढे आज आहेत त्याच्या दुप्पटीहून जास्त त्या एका महिन्यात मारले. त्यांना आज कोणी हार्पून मारत नाही तरी ते वाढत नाहीत, कारण आता जाळी आहेत आणि मोठी जहाजं आहेत.

आणि जाळ्याचं मी आतून सांगू शकतो. जगात वर्षाला तीन लाखांच्या वर डॉल्फिन, देवमासे जाळ्यात गुदमरून मरतात असा अंदाज आहे. फेरो, ताइजी सगळं धरून त्याच्या पासंगाला पुरत नाही. कोणी मुद्दाम मारत नाही, डॉल्फिनला श्वासाला वर यावं लागतं, जाळ्यात शेपूट अडकली की दहा मिनिटात संपलं. रात्री लावलेलं जाळं पहाटे ओढताना हाताला जड लागतं, वाटतं मोठी सुरमई मिळाली, आणि वर येतं ते हे. जिवंत असेल तर सोडायचं म्हणजे जाळं कापायचं. आमच्याकडे म्हातारे तांडेल विचारायचे, जाळा कापलंव तर पैसे कोण देतलो? हजारो रुपयांचं जाळं, कर्ज काढून घेतलेलं, आणि बाकीचे दिवस बसून राहायचं. त्या माणसाला तुम्ही देवमाशाची दया शिकवू नका, त्याला ती आहे, त्याच्याकडे पैसे नाहीत.

डिसेंबर २०१८ मध्ये कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभागाने योजना आणली, संरक्षित प्राणी सोडायला जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई. डॉल्फिन, पोरपॉइज, कासवं, देवमुशी सगळं आलं. तेव्हापासून किनाऱ्यावर खरोखर फरक पडला. पूर्वी गुपचूप सोडून देत किंवा मेलेलं टाकून देत, आता सोडतानाचा व्हिडिओ काढतात, ग्रुपवर टाकतात, पोरं अभिमानाने सांगतात. उत्तरवारांनी विचारलं ना कशाने थांबतं, तर माझा अनुभव हा.

तांबडा_पांढरा

बंदरवाला, जबरदस्त प्रतिसाद. रशियाचं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

डॉ_मैत्र

+१. गुजरातेत देवमुशीचंही असंच झालं होतं ना? वेरावळला शेकड्यांनी मारायचे, २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं तरी थांबेना, मग २००४ पासून मोरारीबापूंनी सांगितलं की ही माहेरपणाला येणारी लेक आहे, तिला मारता का. आणि जोडीला जाळ्याची भरपाई. नुसतं प्रवचन चाललं असतं असं वाटत नाही आणि नुसते पैसेही. देवमुशी मासा आहे, देवमासा नव्हे, पण वाट तीच.

ओसाकाकर

अझोरेसचंही इथे यावं. पोर्तुगालची बेटं, तिथे १९८७ मध्ये शेवटचा स्पर्म व्हेल मारला. डोंगरावर बसून दुर्बिणीने फवारा शोधणारी माणसं असायची, फवारा दिसला की खाली शिकाऱ्यांना इशारा. शिकार संपल्यावर काही वर्षांतच त्याच टेहळणीच्या खोपटांतून पर्यटकांच्या बोटींना वायरलेसवर दिशा सांगायला लागले. डोळे तेच, पगार देणारा बदलला.

जुई

हे कोकणात पण होतंय की, दापोली, तारकर्ली, गोवा, सगळीकडे डॉल्फिन सफारी आहे.

बंदरवाला

होतंय, पण नीट होत नाहीये. डॉल्फिन दिसला की पाच-सहा बोटी चारी बाजूने घेरतात, पर्यटक ओरडतात जवळ घे जवळ घे, इंजिनाचा पंखा फिरत असतो. पिल्लू असलेली मादी दोन दिशांना पळू शकत नाही. बोटवाल्यांनी अंतर ठेवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीत जातं. पर्यटकांनीच सांगायला हवं की लांब थांबवा, इंजिन मंद ठेवा, आम्ही वाट बघतो. एवढं जरी इथल्या वाचणाऱ्यांनी पुढच्या ट्रिपला केलं तरी खूप आहे.

गोदाकाठ

किनाऱ्यावर जिवंत देवमासा लागला तर काय करायचं? २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं होतं तेव्हा आम्ही तिथेच होतो. लोकांनी, वनखात्याने जिवाचं रान केलं, पण ते वाचलं नाही. आम्हाला बादलीने पाणी मारण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

बंदरवाला

बादलीने पाणी मारणं बरोबरच होतं. कातडी सुकली, तापली की ते आतून भाजल्यासारखं होतं. ओलं कापड टाकायचं, पण डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडं ठेवायचं, त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. आडवं पडलं असेल आणि लहान असेल तर पोटावर सरळ करायचं, परांच्या खाली वाळू उकरायची. शेपटीला दोर बांधून ओढू नका, पाठीचा कणा निखळतो, सगळे हीच चूक करतात. गर्दी मागे हटवा, पाठीवर बसून फोटो काढणाऱ्यांना हटवा, कुत्रे हटवा. आणि सगळ्यात आधी वनखात्याला १९२६ वर फोन.

जाळं कापलं असेल तर भरपाईसाठी सोडतानाचे फोटो, व्हिडिओ लागतात, म्हणून बोटीवर कोणाचा तरी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत का होईना पण हाताशी ठेवा. आमच्या सोसायटीत हे सगळं मराठीत एका पानावर छापून लावायचं चाललंय. उत्तरवारा, तुम्ही लिहिता चांगलं, मजकूर बघून द्याल का? व्यनि करतो.

उत्तरवारा

नक्की पाठवा, आजच बघतो. आणि डॉ_मैत्र, तुम्ही वायहेंचं जे लिहिलंत ते माझ्या त्या तोर्शावनच्या मित्राला पाठवलं. त्याला दोन लहान मुली आहेत. तो म्हणाला की बायको घरात मांस शिजवूच देत नाही, मी आईकडे गेलो की तिथे खातो.